बलाबलाचा हिशेब

दोन राज्यांमध्यें बलवान् कोण, हा प्रश्न फार जुना आहे. युद्धाला हात घालण्यापूर्वीं राजे तो आपल्या मुत्सद्द्यांस विचारीत. आतां वर्तमानपत्र वाचणारा सामान्य नागरिकहि तो विचारतो. त्याच्यासमोर दरवर्षीं कोष्टकें येतात. अमक्या देशाजवळ सैनिक किती, रणगाडे किती, विमानें किती, पाणबुड्या किती, यांची बेरीज करून आशिया खंडांतील राष्ट्रांस परीक्षेंतील विद्यार्थ्यांप्रमाणें पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक दिले जातात. स्वदेशाचा क्रमांक वर असला कीं वाचणाऱ्यास समाधान वाटतें; शेजाऱ्याचा वर असला कीं धास्ती वाटते. या समाधानाला आणि या धास्तीला आधार कितपत आहे, हें पाहणें अगत्याचें आहे. कारण चुकलेल्या हिशेबाची किंमत कोष्टक करणारा भरीत नाहीं, ती रणांगणावर उभा असलेला शिपाई भरतो.

प्रथम आंकडेच घ्यावे. स्टॉकहोम येथील शांतता-संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणें २०२४ सालीं चीनचा लष्करी खर्च सुमारें ३१४ अब्ज डॉलर होता. भारताचा सुमारें ८६ अब्ज, जपानचा सुमारें ५५ अब्ज आणि दक्षिण कोरियाचा सुमारें ४८ अब्ज होता. खड्या सैन्याची संख्या चीनजवळ २० लाखांच्या घरांत, भारताजवळ १४ लाखांहून अधिक, उत्तर कोरियाजवळ १२ लाखांहून अधिक आणि पाकिस्तानजवळ साडेसहा लाखांच्या सुमारास धरतात. अण्वस्त्रांची गणती याच संस्थेनें २०२५ च्या आरंभीं चीनजवळ सुमारें ६००, भारताजवळ सुमारें १८०, पाकिस्तानजवळ सुमारें १७०, इस्रायलजवळ सुमारें ९० आणि उत्तर कोरियाजवळ सुमारें ५० अशी दिली आहे.

हे आंकडे निरर्थक नाहींत. परंतु त्यांतील एकच ओळ उचलली तर काय होतें पाहावें. जपानचें सैन्य अडीच लाखांच्या आंत आहे. केवळ डोकीं मोजलीं तर उत्तर कोरिया जपानच्या पांचपट बलवान् ठरेल. केवळ पैसा मोजला तर जपान कितीतरी पुढें जाईल. एकाच दोन राष्ट्रांविषयीं दोन ओळी दोन विरुद्ध उत्तरें देतात. तेव्हां प्रश्न असा उरतो कीं, बळ म्हणजे नक्की काय, आणि तें मोजावें कसें?

याचें उत्तर शोधण्यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. मुंबईहून पूर्वेस निघालेली आगगाडी मानखुर्द सोडते, ठाण्याच्या खाडीवरचा लांब पूल ओलांडते आणि पलीकडच्या तीरावर वाशीस पोंचते. १९७३ सालीं येथें वाहनांचा पहिला पूल झाला, १९९२ सालीं रेल्वे आली आणि १९९७ सालीं दुसरा पूल खुला झाला. त्यापूर्वीं हें पाणी म्हणजे दोन मुलुखांमधील सीमाच होती. वाशीच्या समोर साष्टीचें बेट आणि त्यापलीकडे मुंबई. उत्तरेस खाडीच्या गळ्याशीं ठाणें. दक्षिणेस बेलापूरचा किल्ला आणि पनवेलची खाडी. आणि बंदराच्या तोंडाबाहेर खांदेरी-उंदेरीचीं बेटें. एवढ्याशा टापूंत पोर्तुगीज, इंग्रज, जंजिऱ्याचा सिद्दी, आंगरे आणि पेशवे अशा पांच सत्ता एकमेकींस जोखीत होत्या. खंडांतील राष्ट्रें आज जें करतात, तेंच त्यांनीं येथें लहान प्रमाणावर दीडशें वर्षें केलें. फरक इतकाच कीं, त्यांच्या हिशेबाचा निकाल लागून गेलेला आहे, आणि तो तपासून पाहतां येतो.

पहिला दाखला १६७९ सालचा. शिवाजीमहाराजांनीं त्या वर्षीं खांदेरी बेटावर तटबंदी बांधण्यास आरंभ केला. मुंबई बंदराच्या तोंडावर मराठ्यांचें ठाणें बसणें कंपनीस परवडणारें नव्हतें. तिनें आपलीं गलबतें बेटाभोंवतीं आणून उभीं केलीं. या काफिल्यांत ‘रिव्हेंज’ हें मोठें लढाऊ जहाज होतें. मराठ्यांजवळ त्याच्या तोडीचें एकहि जहाज तेथें नव्हतें. तोफा मोजणाऱ्यानें निकाल तेव्हांच सांगून टाकला असता. परंतु मराठ्यांच्या होड्या उथळ तळाच्या व वल्ह्यांवर चालणाऱ्या होत्या. वारा पडला कीं इंग्रजांचीं जहाजें जागच्या जागीं खिळत, आणि होड्या किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यांतून दगड, चुना, धान्य व माणसें बेटावर पोंचवीत. १८ ऑक्टोबर रोजीं सुमारें ५० होड्यांनीं इंग्रजांच्या काफिल्यावर हल्ला केला. ‘डव्ह’ नांवाचें गलबत मराठ्यांनीं पकडलें. पुष्कळशीं लहान गलबतें पळालीं. एकट्या ‘रिव्हेंज’नें मात्र कॅप्टन केग्विनच्या हाताखालीं टिकाव धरून होड्यांस मागें हटविलें. त्या दिवसाची चकमक इंग्रजांनीं जिंकली, असें कोणी म्हटलें तर तें खोटें नाहीं. तरीहि बेटावरचें बांधकाम थांबलें नाहीं, आणि १६८० च्या आरंभीं कंपनीनें समेट करून आपलीं जहाजें काढून घेतलीं. शस्त्र कितीहि मोठें असो, तें जागेस व कामास योग्य नसेल तर त्याचें मोठेपण कागदावरच राहतें, हा या प्रसंगाचा अर्थ आहे.

दुसरा दाखला १७२१ सालचा. कान्होजी आंगऱ्यांच्या आरमारानें त्रासलेल्या इंग्रजांनीं व पोर्तुगीजांनीं एकत्र येऊन कुलाब्याच्या किल्ल्यावर चढाई केली. विलायतेहून आलेलें कमोडोर मॅथ्यूज याचें आरमार या मोहिमेंत होतें. जमिनीवर पोर्तुगीजांची फौज होती. दोन युरोपीय सत्तांच्या बळाची बेरीज एका मराठी सरखेलाच्या बळाहून कितीतरी अधिक भरत होती. परंतु दोघांचे हेतु एक नव्हते, हुकूम एक नव्हता, आणि एकमेकांवर विश्वास तर मुळींच नव्हता. हल्ला फसला. कान्होजींच्या मदतीस बाजीराव आले, आणि पोर्तुगीजांनीं जानेवारी १७२२ मध्यें इंग्रजांस बाजूस ठेवून मराठ्यांशीं वेगळा तह केला. दोस्तांच्या शक्तीची बेरीज अंकगणिताप्रमाणें होत नाहीं. मध्यें अविश्वास असेल तर ती वजाबाकीहि होऊं शकते.

तिसरा दाखला वसईच्या मोहिमेचा, आणि तो सर्वांत मोठा आहे. १५३४ पासून वसई पोर्तुगीजांच्या ताब्यांत होती. साष्टी, ठाणें व उत्तर कोंकणची किनारपट्टी त्यांच्या अमलाखालीं होती. त्यांच्या तोफा चांगल्या, तट भक्कम, आणि मागें तीन खंडांत पसरलेलें साम्राज्य. मराठी फौज मैदानांत वेगवान होती. परंतु समुद्राकाठचे दगडी कोट फोडण्याची तिची ख्याति नव्हती. तथापि साम्राज्याचें बळ जेथें असेल तेथेंच असतें. तें हवें तेथें, हव्या त्या दिवशीं असेलच असें नाहीं. लिस्बनहून गोव्यास जहाज येण्यास सहा-सात महिने लागत. ठाण्याचा कोट १७३७ सालीं पुरा बांधूनसुद्धां झाला नव्हता. अंजूरकर नाइकांसारख्या स्थानिक मंडळींनीं मराठ्यांस वाटा दाखविल्या, खबरा पुरविल्या, आणि त्या उन्हाळ्याच्या तोंडीं मराठे खाडी उतरून साष्टींत शिरले. अपुऱ्या कोटानें ठाण्याचें रक्षण झालें नाहीं. राज्यकर्त्यांविषयीं प्रजेच्या मनांत काय आहे, ही गोष्ट तोफांच्या यादींत कधींच लिहिलेली नसते. परंतु त्या रात्रीं खाडींतून वाट दाखविणाऱ्या माणसाचें मोल कित्येक तोफांएवढें होतें.

वसई मात्र इतक्या सहजासहजीं पडली नाहीं. १७३७ सालचे हल्ले परतले. पुढच्या वर्षीं पोर्तुगीजांची कुमक आली. पण १७३८ अखेरीस ठाणें परत घेण्याचा त्यांचा प्रयत्न फसला आणि त्यांत पेद्रो द मेलो हा सेनापति मारला गेला. मग चिमाजी आप्पांनीं मोहिमेची मांडणी अशी केली कीं वसई एकटी पडावी. माहीम, तारापूर हीं भोंवतालचीं ठाणीं आधीं घेतलीं. समुद्रावर मानाजी आंगऱ्यांचें आरमार होतें. त्याच वेळीं दक्षिणेस व्यंकटराव घोरपडे गोव्याच्या मुलुखांत उतरले, म्हणजे गोव्याच्या विजरईस वसईकडे सैन्य पाठविण्याची सोय राहिली नाहीं. शेवटीं वसईच्या जमिनीकडील बाजूस वाळूंतून मोर्चे नेऊन सुरुंग लावले, आणि मे १७३९ मध्यें किल्ला शरण आला. किल्ल्यांतील सैन्यास बायकामुलांसह मानानें बाहेर पडण्यास आठ दिवसांची मुदत मिळाली.

या विजयाचा हिशेब विजयाबरोबर संपत नाहीं. मराठ्यांकडील मृत व जखमी मिळून सुमारें पांच हजार माणसें कामास आलीं, अशी गणना त्या काळच्या पत्रव्यवहारावरून दिली जाते. तारापुराच्या तटाखालीं बाजी भीवराव यांच्यासारखा सरदार पडला. आणि हें सर्व घडत असतां उत्तरेकडे काय चाललें होतें? १७३९ च्या फेब्रुवारींत नादिरशहानें कर्नाळ येथें मोगल बादशहाचा पराभव केला, आणि मार्चमध्यें तो दिल्लींत शिरला. मराठ्यांची उत्तम फौज त्या वेळीं वसईच्या वाळूंत गुंतलेली होती. कागदावर एका राज्याचें एकूण सैन्य किती, हा प्रश्न सोपा आहे. एकाच वेळीं दोन दिशांस तोंड द्यावें लागलें तर त्यांतील किती हातीं राहतें, हा खरा प्रश्न आहे. पोर्तुगीजांस वसई आणि गोवा असे दोन पेच पडले, म्हणून ते हरले. मराठ्यांस वसई आणि दिल्ली असे दोन पेच पडले, तेव्हां त्यांसहि एकाचीच निवड करावी लागली.

वसईचा निकाल मुंबईच्या इंग्रजांनीं अगदीं जवळून पाहिला. त्यांनीं केलें काय? त्यांनीं पेशव्यांच्या फौजेची शिरगणती करून समाधान मानलें नाहीं. शहराभोंवतीं खंदक खणण्याचें त्यांनीं मनावर घेतलें आणि त्यासाठीं व्यापाऱ्यांनीं वर्गणी दिली. कॅप्टन इंचबर्ड यास चिमाजी आप्पांकडे तहासाठीं पाठविलें. आणि कॅप्टन गॉर्डन यास शाहूमहाराजांच्या भेटीस पाठविलें. छत्रपतींच्या दरबारांत पेशव्यांस अनुकूल कोण, प्रतिकूल कोण, हें समजून घेणें गॉर्डनच्या कामांत होतें. इंग्रजांनीं मराठ्यांचें बळ तोफखान्यांत मोजलें नाहीं. तें त्यांच्या आपसांतील एकोप्यांत मोजलें. ही मोजणी किती मर्मावरची होती, तें पुढें दिसून आलें.

कान्होजी १७२९ सालीं वारल्यानंतर आंगऱ्यांच्या घरांत भाऊबंदकी सुरू झाली. कुलाबा एकाकडे, सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग दुसऱ्याकडे अशी वांटणी पडली. तुळाजी आंगऱ्यांचें पेशव्यांशीं वितुष्ट आलें. नानासाहेब पेशव्यांनीं त्यांचा बंदोबस्त करण्यासाठीं इंग्रजांची मदत घेतली, आणि फेब्रुवारी १७५६ मध्यें अॅडमिरल वॉटसन व क्लाइव्ह यांच्या हल्ल्यांत विजयदुर्गाच्या बंदरांत आंगऱ्यांचें आरमार जळून गेलें. पेशव्यांच्या दफ्तरीं त्या दिवशीं एक बंडखोर सरदार कमी झाला असेल. पण किनाऱ्यावर इंग्रजांस अडविणारी एक फळी कमी झाली. पुढें आनंदराव धुळपांसारख्या शूर दर्यावर्दी पुरुषांनीं पेशव्यांचें आरमार चालविलें, हें खरें. परंतु गेलेली ती फळी पुन्हां तशी उभी राहिली नाहीं. शत्रूनें बुडविलेलें जहाज नवें बांधतां येतें. स्वतःच्या हातानें जाळलेली शक्ति परत येत नाहीं.

चौथा दाखला पुन्हां वाशीच्या शेजारचा आहे. डिसेंबर १७७४ मध्यें इंग्रजांनीं ठाणें घेतलें होतें. नोव्हेंबर १७७८ अखेरीस रघुनाथरावांस पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठीं मुंबईची फौज निघाली आणि बंदर ओलांडून पनवेलास उतरली. तिच्यांत सुमारें चार हजार लढवय्ये होते. त्यांची कवायत, बंदुका आणि तोफा उत्तम होत्या. परंतु त्यांच्यामागें सामान वाहणारे बैल १९ हजार होते. चार हजारांची फौज एकोणीस हजार बैलांच्या चालीनें चालली. घाट चढून तळेगांवास पोंचण्यास तिला ९ जानेवारी १७७९ हा दिवस उजाडला. वाटेंत कार्ल्यास कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला; मावळांतील लोकांनीं त्याच्या धाडसास दाद देऊन त्याला ‘इष्टुर फाकडा’ हें नांव दिलें, आणि तें अजून टिकून आहे. मराठ्यांनीं मोठी लढाई दिलीच नाहीं. त्यांनीं पुढची गांवें ओस केलीं, धान्य हलविलें, गवत जाळलें आणि मागची रसद तोडली. तळेगांवांत शिरणाऱ्या फौजेस रिकामीं घरें आणि राख मिळाली. ती रात्रीं अवजड तोफा तळ्यांत टाकून मागें फिरली, वडगांवास चोहोंकडून वेढली गेली, आणि महादजी शिंदे व नाना फडणीस यांच्यापुढें तिला नामुष्कीचा करार करावा लागला. त्या करारानें इंग्रजांनीं साष्टी परत देण्याचें कबूल केलें.

येथेंच थांबलें तर हिशेब अपुरा राहील. वडगांवचा करार कलकत्त्याच्या गव्हर्नर-जनरलनें मान्य केला नाहीं. बंगालकडून गॉडर्डच्या हाताखालीं निघालेली दुसरी फौज मध्य हिंदुस्थान ओलांडून फेब्रुवारी १७७९ मध्यें सुरतेस पोंचली, आणि डिसेंबर १७८० मध्यें तिनें वसई घेतली. हाच गॉडर्ड १७८१ सालीं बोरघाटांतून पनवेलकडे परततांना मराठ्यांच्या तडाख्यांत सांपडला व मोठें नुकसान सोसून खालीं उतरला. १७८२ सालीं सालबाईचा तह झाला, तेव्हां वसई पेशव्यांस परत मिळाली. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. एका फौजेचा पराभव झाला असतां दुसरी आणणें, दुसरी थकली असतां तह करून वेळ काढणें, आणि वीस वर्षांनीं पुन्हां उभें राहणें, हें कंपनीस शक्य होतें. कारण तिच्या मागें बंगालचा महसूल, समुद्रावरचा व्यापार आणि कर्ज उभारण्याची पत होती. मराठ्यांनीं लढाया जिंकल्या. कंपनीनें काळ जिंकला.

१८०३ सालीं असईच्या रणांत हें उघड दिसलें. शिंद्यांचीं पलटणें कवायती होतीं, आणि त्यांचा तोफखाना इतका उत्तम होता कीं वेलस्लीची दीड हजारांहून अधिक माणसें त्या एका दिवशीं जायबंदी झालीं वा मेलीं. तरीहि मराठ्यांच्या ९८ तोफा इंग्रजांच्या हातीं पडल्या. ज्या परदेशी अधिकाऱ्यांनीं तीं पलटणें घडविलीं होतीं, त्यांच्यांतील बरेच जण युद्धाच्या तोंडावर चाकरी सोडून गेले होते. होळकर त्या लढाईंत शिंद्यांच्या बाजूस उभे नव्हते. तोफा होत्या, शिपाई शूर होते; परंतु त्यांस चालविणारी विद्या उसनी होती आणि शेजारचा भाऊ परका झाला होता. १८१७-१८ च्या युद्धानंतर पेशव्यांचें कोंकण कंपनीच्या अमलाखालीं गेलें, आणि या खाडीवरचे किल्ले निरुपयोगी होऊन ढासळूं लागले.

या दाखल्यांवरून बलाबल पाहण्याच्या कांहीं कसोट्या हातीं लागतात. शस्त्र जागेस योग्य आहे काय? सैन्य हव्या त्या वेळीं हव्या त्या ठिकाणीं पोंचतें काय? त्याची रसद तुटणार नाहीं ना? एक पराभव सोसून दुसऱ्यांदां उभें राहण्याइतका पैसा, कारखाने व मनुष्यबळ मागें आहे काय? शस्त्र चालविण्याची विद्या स्वतःची आहे कीं उसनी? आणि सर्वांत शेवटीं, पण सर्वांत महत्त्वाचें, घरांत एकोपा आहे काय? आशियांतील राष्ट्रांची तुलना याच कसोट्यांवर घासून पाहिली म्हणजे कोष्टकांतील क्रमांक हालूं लागतात.

१९९० सालीं इराकचें सैन्य जगांतील चौथ्या क्रमांकाचें मोठें सैन्य म्हणून गणलें जात होतें. फेब्रुवारी १९९१ मध्यें त्याविरुद्ध झालेलें जमिनीवरील युद्ध शंभर तासांत आटोपलें. अफगाणिस्तानांतील सरकारी फौज कागदावर तीन लाखांची होती. ऑगस्ट २०२१ मध्यें ती कांहीं दिवसांतच वितळून गेली. तिच्यांतील कित्येक शिपाई फक्त पगारपत्रकावर होते. मराठी भाषेंत अशा भरतीस ‘खोगीरभरती’ हा समर्पक शब्द पूर्वींपासून आहे. खोगीर फुगलेलें दिसतें. पण आंत गवत आणि चिंध्या भरलेल्या असतात.

उलट दिशेचा दाखला मुंबईच्याच बंदरांतला आहे. डिसेंबर १९७१ मध्यें भारतीय आरमाराच्या लहान क्षेपणास्त्र-नौकांनीं कराची बंदरावर हल्ला करून पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका बुडविली. या नौका मुळांत स्वतःच्या किनाऱ्याच्या रक्षणासाठीं बांधलेल्या, थोड्या पल्ल्याच्या. त्यांना मोठ्या जहाजांच्या सोबतीनें शत्रूच्या दारापर्यंत नेण्याची युक्ति योजिली गेली. खांदेरीच्या उथळ पाण्यांतील होड्यांचें हें दूरचें नातें आहे. त्याच देशानें १९६२ सालीं हिमालयांत दुसरा अनुभव घेतला होता. शूर शिपाई पुरेसे रस्ते, उबदार कपडे व दारूगोळा यांवांचून उंच शिखरांवर उभे केले गेले, आणि त्यांच्यापैकीं पुष्कळ परत आले नाहींत. तेथें शौर्याचा तुटवडा नव्हता; तेथें तळेगांवचाच प्रश्न वेगळ्या रूपानें उभा राहिला होता.

आज चीनचें आरमार जहाजांच्या संख्येनें जगांत सर्वांत मोठें आहे, आणि त्यामागें एक अधिक गंभीर गोष्ट आहे: जगांत बांधल्या जाणाऱ्या व्यापारी जहाजांपैकीं निम्म्याहून अधिक चीनच्या गोद्यांत बांधलीं जातात. कंपनीजवळ जी पुन्हां उभें राहण्याची शक्ति होती, तिचें आजचें रूप हें आहे. परंतु त्याच चीनच्या खनिज तेलाचा मोठा भाग मलाक्काच्या अरुंद सामुद्रधुनींतून येतो, आणि सामुद्रधुनी म्हणजे शेवटीं एक मोठी खाडीच होय. भारताच्या बाजूस हिंदी महासागरांतील मोक्याचें स्थान आहे; मात्र २०२० ते २०२४ या काळांत शस्त्रांच्या आयातींत भारत जगांत युक्रेनच्या खालोखाल होता. असईच्या मैदानावरील उसन्या विद्येचा प्रश्न येथें आठवल्याशिवाय राहत नाहीं. जपानचें सैन्य लहान दिसतें. पण १९६० च्या कराराप्रमाणें त्याच्यामागें अमेरिका उभी आहे. असा दोस्त संकटाच्या दिवशीं किती उपयोगी पडेल, हें १७२१ सालच्या कुलाब्याची आठवण ठेवूनच ठरवावें लागतें. आणि जेथें दोन्ही पक्षांजवळ अण्वस्त्रें आहेत, तेथें विजय हा शब्दच संशयास्पद होतो. तेथें बळाचा मुख्य उपयोग तें वापरावें लागूं नये, हाच उरतो.

म्हणून कोष्टकें फेकून द्यावीं, असें नाहीं. राज्यकर्त्यांनीं तीं ठेवलींच पाहिजेत आणि नागरिकांनीं वाचलींच पाहिजेत. परंतु तीं वाचतांना प्रत्येक आंकड्यास प्रश्न विचारण्याची संवय हवी. अमुक विमानें आहेत; त्यांपैकीं उडण्याच्या स्थितींत किती? अमुक तोफा आहेत. गोळे किती दिवस पुरतील? अमुक लाख शिपाई आहेत. त्यांस लढावें असें वाटावें, असें राज्य त्यांच्या मागें आहे काय? हे प्रश्न विचारणें म्हणजे स्वदेशाच्या सैन्याविषयीं अविश्वास दाखविणें नव्हे. हे प्रश्न शांततेच्या काळीं विचारले गेले नाहींत, तर युद्धाच्या काळीं शत्रु ते विचारतो.

वाशीच्या तीरावर आज मुंबईचा मोठा घाऊक बाजार आहे. घाटावरून कांदे, बटाटे, धान्य, भाजीपाला घेऊन मालमोटारी रात्रभर येतात आणि सकाळीं पुलांवरून तो माल समोरच्या शहरांत जातो. या बाजाराचा उल्लेख कोणत्याहि लष्करी कोष्टकांत सांपडणार नाहीं. तथापि ज्या देशाचे रस्ते, पूल, बाजार आणि बंदरें अडचणीच्या दिवसांतहि चालूं राहतात, ज्याचे कामकरी व शेतकरी आपलें राज्य आपलें मानतात, आणि ज्याच्या घरांत भाऊबंदकीस वाव मिळत नाहीं, त्या देशाच्या शिपायास रिकाम्या पोटीं राखेच्या गांवांत शिरावें लागत नाहीं. बलाबलाच्या हिशेबांत तोफा शेवटीं लिहाव्या. आधीं हें लिहावें.